बेबीनंदाची सोयरीक

...आन् वरतून मलाच म्हणती, "मम्मी, जरा दम धर, सोयरीक जुळवून राह्यले." आता तुम्हीच सांगा, ज्या पोरीपुढं सोयरिकीचं नाव काढलं की तिचं डोकं दुखतं, तिला एकदम बँकेतलं राह्यलेलं काम आठवतं, ती पोरगी रविवारी सकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणती सोयरीक जुळवून राह्यले, तर कोणत्या आईच्या हातातलं लाटणं हातात ऱ्हाईल? माझं पडलं. फरशीवर टणकन आवाज झाला, शालूच्या पप्पांनी पेपरातून मान वर काढली, छताकडं बघितलं, परत पेपरात गेले. मी म्हणलं, कुणाची गं? तर म्हणती, "राजाची." म्हणलं कोणता राजा, देऊळगाव राजा? चांगलंय की, जवळ हाय, एस.टी. हाय. तर म्हणती, "न्हाई गं, खेळातला राजा."

खेळातला! अहो, सोयरीक काय खेळ हाय का?

तुम्हाला सांगते, मला ह्या बाबतीत बोलायचा हक्क हाय. मी उषाबाई. भोकरदनात कुणालाही विचारा. आमच्या भावकीतल्या निम्म्या सोयरिकी माझ्या हातच्या, आन् उरलेल्या निम्म्या ज्यांनी मला न विचारता केल्या ते आता येऊन विचारून राह्यले की बाई, आता काय करावं. माझी एक पद्धत हाय. पोरगी द्यायच्या घरी गेलं की मी बैठकीत बसतच न्हाई. "बाई, जरा हात धुते," म्हणते आन् सरळ मागच्या दारी जाते. घराची खरी हालत मागच्या दारी दिसती. म्हातारीचा पलंग कुठं टाकलाय, भांड्याला कोण बसलंय, सुनेचा आवाज किती मोठा निघून राह्यला... पुढं बैठकीत काय, सगळेच सोफ्यावर बसून गोड बोलतात. एवढ्या लोकांची मागची दारं बघितली मी, आन् माझ्याच पोरीची सोयरीक, तुम्हाला सांगते, माझ्याच पुढच्या दारात येऊन अडकली.

त्याचं असं झालं. शालू आमची एकुलती एक. इथंच बँकेत नोकरीला. आन् आपल्या भोकरदनच्या जनावरांच्या दवाखान्यात एक डॉक्टर बदली होऊन आल्ता, रामप्रसाद, अंबडचा. बँकेत खातं काढायला आला आन् मंग सारखाच येऊ लागला. एवढ्या वेळा पासबुक भरून घेणारा माणूस त्या बँकेनं पाह्यला नसंल. पोरगा चांगला. आपल्यातलाच. माझी तक्रार न्हाई. मी तर अंबडला जाऊन मागचं दारही बघून आल्ते, झाडलेलं, सारवलेलं, बिलकुल नाव ठेवायला जागा न्हाई. पण शालू म्हणली, "मम्मी, मी अंबडला जाणार न्हाई. रामप्रसाद इथं ऱ्हाईल, आपल्या घरी. त्याला तिकडं दोन भाऊ हायेत आईजवळ. तुमच्याजवळ कोण हाय?"

घरजावई! मी ताटावरून उठले. अहो, जावई म्हंजे पाव्हणा. पाव्हण्यानं दिवाळीला यावं, टॉवेल-टोपी घ्यावी, पुरणपोळी खावी, "येतो आता" म्हणावं आन् खरंच जावं. रोज सकाळी बाथरूमपुढं नंबर लावायला कुणी जावई आणतं का? आमच्या खानदानात असं कधी झालं न्हाई. मामंजी कडूबा, ते वर फोटोत हायेत, त्यांच्या घरात घरजावई? आन् गल्लीत समोरच माझी नणंद, झुंबरआक्का, तिच्या दारातून आमचं अख्खं घर दिसतं, तिला काय सांगू? मी म्हणलं न्हाई म्हंजे न्हाई. पोरगी म्हणली, "मंग मी लग्नच करीत न्हाई." अंबडच्या पाव्हण्यांना दिवाळीच्या आत जवाब द्यायचा व्हता, घरात कुणी कुणाशी बोलेना, आन् अशात ही बया राजाची सोयरीक जुळवून राह्यली.

मी मंग भांडायला म्हणूनच तिच्याजवळ बसले. भांडायला, बरं का, खेळ बघायला न्हाई. पण तिनं त्या राजाच्या तोंडावर माऊसचा बाण ठेवला, आन् बाजूला सगळा खुलासा आला. इंग्रजीत व्हता, शालूनं वाचून दाखवला. "रागीट. आळशी. खाण्यापिण्याचा शौकीन. एकदा मनात धरलं की सोडत न्हाई." मी म्हणलं, हे त्याच्या घरच्यांनी लिहून दिलं? तर म्हणती, "मम्मी, खेळात सगळ्यांचं खरंच लिहिलेलं असतं."

आता मला सांगा, आपल्याकडं बायोडाटात काय असतं? मनमिळाऊ. निर्व्यसनी. कुटुंबवत्सल. सगळ्या जिल्ह्यातली पोरं मनमिळाऊ, मंग भांडणं कोण करून राह्यलंय, परजिल्ह्यातली माणसं येऊन? एक बायोडाटा असा मिळाला असता ना मला, "रागीट, आळशी, मनात धरून ठेवणारा", तर आमच्या भावकीतल्या किती पोरी सुखात असत्या. मी म्हणलं, सरक जरा. अजून कुणाकुणाची तोंडं हायेत, दाखव.

झालं. तिथं फसले.

त्या राज्यांची नावं अशी की जिभेला गाठ पडंल. मंग मी माझी नावं ठेवली. नकाशाच्या मधोमध आपलं पिवळं, छोटं, म्हणलं हे भोकरदन. डाव्या अंगाला सिल्लोड. उजव्या अंगाला जाफ्राबाद. आन् खाली लालभडक, एवढं मोठं पसरलेलं, सगळ्यांच्या उरावर बसलेलं, ते संभाजीनगर. समुद्राच्या काठाला एक लांबचं व्हतं, ते पुणं. पुण्याला पोरगी द्यायची न्हाई असं मी पह्यल्याच दिवशी सांगितलं, तिकडं गेलेली पोरगी फोन उचलत न्हाई. आन् आपला राजा, पांढऱ्या मिशा, नाकाचा शेंडा खाली वाकलेला, कपाळावर आठी, थेट आमचे मामंजी. भिंतीवर तोच चेहरा, लॅपटॉपात तोच चेहरा. त्याचं नाव मी कडूबाच ठेवलं. मंग कडूबाला नातू झाला, तर लेकराचं नाव आपल्याला ठेवता येतं म्हणली शालू, खोका उघडतो, त्यात लिहायचं. मी म्हणलं थांब, असं कोरडं नाव ठेवतात का, आन् उठून घुगऱ्या शिजवल्या. नातवाचं नाव रखमाजी, मामंजींच्या वडलांचं. शालूच्या पप्पांपुढं घुगऱ्यांची वाटी ठेवली तर ते म्हणले, "हे कशाचं?" मी म्हणलं, बारशाचं, खा गुमान. त्यांनी खाल्लं. कुणाचं बारसं हे विचारलं न्हाई. ह्या माणसाचा स्वभाव जर खेळात लिहायचा झाला ना, तर एकच शब्द येईल, "पेपर".

आता खेळात कसं हाय, पोरगी दिली की तो राजा आपला सोयरा. आन् आपल्यावर कुणी चालून आलं की सोयऱ्यानं फौज घेऊन यायचं. मला हे लय पटलं. आपल्याकडं सोयरे कधी येतात? जेवायला. पंगत बसली की हजर, भांडी उचलायच्या टायमाला एस.टी. सुटून राह्यलेली असती. म्हणून मी नीट बसून विचार केला. कडूबाची बहीण सिल्लोडला दिली. नात जाफ्राबादला दिली. शालूला म्हणलं, देण्याआधी जाफ्राबादच्या वाड्याचं मागचं दार दाखव. तर म्हणती, "मम्मी, खेळात मागचं दार न्हाई दाखवत." म्हणलं मंग कसं द्यायचं? ना बैठक, ना सुपारी, ना बस्ता, ना कुणी रुसलं, ना कुणी "आमच्या मामाला टोपी न्हाई घातली" म्हणून मांडवातून उठलं... बटन दाबलं की तिकडून निरोप, "कबूल". एवढ्या जल्दी तर आपल्याकडं चहा पण येत न्हाई. मी म्हणलं, शालू, हे बराबर न्हाई. जिथं कुणी रुसलंच न्हाई, ती सोयरीक टिकती का?

आन् तसंच झालं. संभाजीनगर आलं आपल्यावर चालून. लाल फौज, मुंग्यांवाणी. शालूनं सोयऱ्यांना निरोप धाडले. सिल्लोड निघालं, बिचारं, जे असंल ते घेऊन निघालं. आन् जाफ्राबादचा निरोप आला, काय आला? "सध्या जमत नाही, आमच्याकडे दुसरी लढाई आहे." तुम्हाला सांगते, माझं डोकंच फिरलं. हे, अगदी हेच, झुंबरआक्का माझ्या भावाच्या लग्नाचं बोलावणं केलं तवा म्हणली व्हती! नाकात बोलून. "आमचं जमत न्हाई गं उषा, त्याच दिवशी आमच्याकडं जावळाचा कार्यक्रम हाय." जावळ दुसऱ्या दिवशी निघालं नसतं का? केसं काय पळून चालली व्हती? कशीबशी लढाई निभावली आम्ही, पण माझ्या मनातून जाफ्राबाद उतरलं ते उतरलंच. पुढच्या आठवड्यात जाफ्राबादचे आमचे खरेखुरे पाव्हणे आले, बिचाऱ्यांचा काय संबंध, देवमाणसं, पण माझ्याच्यानं त्यांच्या चहात साखर पडंना.

शालू म्हणली, "मम्मी, एवढा राग हाय तर जाफ्राबादच्या राजाला विष घालता येतं." मी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणलं, सोयऱ्याला विष? हे शिकवलं का तुला मी? सोयरीक काय खेळ हाय का? उठून आत गेले. पोळ्या लाटल्या. भाजी फोडणीला टाकली. ताटं घेतली. आन् वाढता वाढता आपलं सहज विचारलं, "किती टाइम लागतो गं त्याला?"

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही खेळाच्या नादी लागल्या. न्हाई. माझं म्हणणं एकच व्हतं, की पोरगी चुकीच्या सोयरिकी करून राह्यली तर आईनं गप बसायचं का? शालू बँकेतून आली की चहा घेऊन मीच लॅपटॉप उघडून ठेवायचे. तेवढ्या बहाण्यानं बोलणं सुरू झालं आमचं. अंबडचा विषय तिनं काढला न्हाई, मी काढला न्हाई. बोलायचो फक्त कडूबाच्या घराण्याचं. आन् कडूबा एक दिवस गेला. म्हातारा झाल्ता, झोपेतच गेला. मी त्या दिवशी टीव्ही लावू दिला न्हाई. शालूचे पप्पा म्हणले, "बातम्या तरी?" म्हणलं, घरातलं माणूस गेलंय, बातम्या कशाच्या बघता? त्यांनी घाबरून सगळ्या सोयऱ्यांना फोन लावून बघितले.

कडूबाचा लेक त्या लढाईतच गेल्ता, मंग नातूच, रखमाजी, गादीवर बसला. शांत पोरगा, देवभोळा. त्याला एकच लेकरू झालं. पोरगी. तिचं नाव मी माझ्या मावशीचं ठेवलं, बेबीनंदा. लय गोड. तिच्या नावापुढं लिहून आलं, "हुशार, हट्टी." मी शालूकडं बघितलं, शालूनं माझ्याकडं बघितलं. रखमाजीला मंग दुसरं काही झालं न्हाई. वाट बघितली, नवस बोलता येईना त्या खेळात, न्हाईतर बोलले असते. शालू म्हणली, "मम्मी, आता बेबीनंदाच गादीवर बसणार, आन् तिच्या पोटचं लेकरू तिच्या मागून. सगळं हिच्या सोयरिकीवर हाय. ही सोयरीक तू कर."

मला. बघा, शेवटी आठवण कुणाची आली? मी पदर खोचला. दोन स्थळं बाजूला काढली. एक, संभाजीनगरचा थोरला राजपुत्र. उंच, रुबाबदार, मागं एवढी फौज, सगळा नकाशा उद्या त्याचाच. दुसरा एका छोट्या राज्याचा मधला पोरगा, "कष्टाळू, मायाळू", बाकी काही न्हाई. त्या राज्याला मी नाव ठेवलं नव्हतं. शालू म्हणली, "त्याला आपण अंबड म्हणू." मला तवाच कळायला पाह्यजे व्हतं.

आन् खाली दोन खोके आले. शालूनं वाचून दाखवलं. एका खोक्यात, लेकरं बापाच्या घराण्याची. दुसऱ्या खोक्यात, लेकरं आईच्या घराण्याची, जावई इकडं नांदायला येणार. संभाजीनगरवाला दुसऱ्या खोक्याला तयारच न्हाई. मधला पोरगा तयार. शालू म्हणली, "मम्मी, नीट विचार करून दाब." मी म्हणलं, ह्यात विचार काय करायचा? राजाची एकुलती एक लेक, ती थोरल्या घरी जाणार, का कुठला तरी मधला आणून आपल्या घरात बसवायचा? लोकं काय म्हणतील? कोणती लोकं, हे मला कुणी विचारलं न्हाई. "पण मम्मी..." म्हणलं, तू मला शिकवू नको. त्या दिवशी पह्यल्यांदा मी माझ्या हातानं माऊस धरला, बापाचा खोका दाबला, आन् बेबीनंदा थोरल्या घरी दिली.

काय रुबाब वाढला म्हणून सांगू तुम्हाला. कुणी वाकड्या नजरेनं बघंना आपल्याकडं. जाफ्राबादनं तर आपणहून भेटी पाठवल्या. मी गल्लीतून चालताना मान जराशी वरच ठेवायचे, झुंबरआक्का म्हणली, "मान आखडली का गं?" म्हणलं, न्हाई आक्का, सोयरीकच तशी झाली. मंग रखमाजी गेला, बेबीनंदा गादीवर बसली, तिला पोरगा झाला. मी हरखून गेले. घुगऱ्या सकाळीच भिजत घातल्या व्हत्या. म्हणलं, शालू, लिही, नातवाचं नाव कडूबा, खापरपणजोबाचं. शालूनं हात मागं घेतला. म्हणलं लिही की. ती म्हणली, "खोका येत न्हाई, मम्मी. नाव त्यांनी ठेवलं. लेकरू त्यांच्या घराण्याचं हाय." म्हणलं असू दे, लेकरू आपल्याच लेकीचं हाय ना. घुगऱ्या शिजवल्या, पण अर्ध्या तशाच पातेल्यात राह्यल्या.

आन् मंग एक दिवस बेबीनंदाला ताप आला. साधा ताप. तिच्या तोंडावरची लाली गेली, तोंड काळंठिक्कर पडलं, आन् एकदम सगळा पडदा काळा झाला. मधोमध दोन ओळी. शालूनं वाचलं, "तुमचं घराणं संपलं."

मी म्हणलं, असं कसं संपलं? फौज हाय ना आपली? हाय. किल्ले हायेत? हायेत. नातू हाय ना गादीवर? "हाय मम्मी. पण तो त्यांचा हाय." मागं नकाशा दिसून राह्यला व्हता, आपला पिवळा तुकडा हळूहळू लाल झाला. लढाई झाली न्हाई, वेढा पडला न्हाई, विष घातलं न्हाई कुणी. मी दिलं. माझ्या हातानं, हौसेनं, मान वर करून दिलं.

तुम्ही हसाल, पण मला रडू आलं. खेळ हाय हे मला काय कळत न्हाई का? मला बिलकुल कळतं. पण मी त्या काळ्या पडद्याकडं बघून राह्यले, आन् त्या पडद्यात आमची बैठक दिसून राह्यली व्हती... हे पेपर धरून बसलेले, मी, आन् मधी शालू. मी डोळे पुसून म्हणलं, दुसरा डाव लाव, आता बराबर करते. शालूनं लॅपटॉप मिटवला. आन् हळूच म्हणली, "मम्मी, मी तर इथंच ऱ्हाते म्हणून राह्यले. मंग तू मला कामून घालवून राह्यली?"

तुम्हाला सांगते, सोयरिकीत उषाबाईची चूक कुणीतरी काढली. भोकरदनात हे पह्यल्यांदा झालं.

मी विचारलं तिला, तू मुद्दाम केलं का हे? तर म्हणती, "मी तर तुला नीट विचार कर म्हणले व्हते." बँकेत असलं बोलायला शिकवतात. मी शालूच्या पप्पांकडं गेले. म्हणलं, अहो, त्या अंबडच्या पोराला घरी आणायचं म्हणते मी, तुमचं काय म्हणणं? मी तयारीनंच गेल्ते, भांडायच्या. त्यांनी पेपराची घडी घातली. म्हणले, "माझं पह्यल्या दिवसापासून हो हाय." म्हणलं, मंग बोलले कामून न्हाई? तर म्हणले, "मला कुणी विचारलंच न्हाई."

मंग गेलो अंबडला. आता पंचाईत बघा, जन्मभर मी पोरी मागितल्या, पोरी दिल्या, पण पोरगा मागायला कसं जातात हे मला कुठं माहीत? सोबत काय न्यायचं? साडी? कुणाला? शेवटी नारळ नेला आन् शर्टाचं कापड नेलं. बैठकीत सगळे गोड बोलत बसले. मी आपली सवयीनं म्हणलं, जरा हात धुते, आन् गेले मागच्या दारी. तर तिथं रामप्रसादची आई, गिरिजाबाई, पदर डोळ्याला लावून उभ्या. मला बघून पदर सावरला आन् म्हणल्या, "इहीनबाई, माझं लेकरू लय भोळं हाय. उठल्या उठल्या त्याच्याशी बोलू नका, चहा झाल्यावर बोला. वांग्याचं भरीत आवडतं त्याला. रागवला तर जेवत न्हाई, पण दोनदा म्हणलं की बसतो. सांभाळून घ्या." आन् माझ्या तोंडून, तुम्हाला सांगते, आपोआप निघालं, "काळजी करू नका इहीनबाई, लेकीवाणी ठेवू."

लेकीवाणी! दोघी एकमेकींकडं बघतच राह्यलो. मंग हसायला लागलो, आन् हसता हसता त्या परत रडल्या, मी पण रडले. एवढी मागची दारं बघितली, पण तिथं आपणच रडायची पाळी कधी आली नव्हती. जाताना त्या म्हणल्या, "एकच मागणं हाय. पह्यल्या दिवाळीला चार दिवस माहेरी पाठवा त्याला." कबूल म्हणलं.

दिवाळी झाल्यावर लग्न झालं. लागलं सगळं नीट, पण पाठवणीला घोटाळा. नवरा-नवरी गाडीत बसले, रडायला पोरीची आई पाह्यजे का पोराची, हे बायांना कळंना. शालू खुशीत. रामप्रसाद डोळे पुसून राह्यला. ड्रायव्हर म्हणला, "नेमकं जायचं कुणीकडं?" झुंबरआक्का तोंडाला पदर लावून म्हणली, "काय गं उषा, जावई घरीच ठेवला म्हणं?" म्हणलं, हो आक्का, सोयऱ्याची फौज घरातच असलेली बरी, ऐन टायमाला त्यांच्याकडं जावळ निघत न्हाई.

आता म्हणाल, झालं मंग, सुखाचा संसार. हो, हाय की. पोरगा लाख माणूस. आमच्या ह्यांना पेपराचं अर्धं पान मागतो, आन् हे देतात, मला एवढ्या वर्षांत कधी दिलं न्हाई. पण जावई म्हंजे जावई. त्याच्यापुढं शिळी पोळी ठेवता येती का? काल केलेली भाजी वाढता येती का? जावयाचा मान वर्षातून एकदा करायचा म्हणून माणसं जन्मभर निभावतात, इथं मान रोज सकाळी टॉवेल घेऊन उभा! तो बिचारा म्हणतो, "आई, मला चालती शिळी." त्याला चालती, मला चालत न्हाई ना. आन् जेवला की स्वतःचं ताट घासायला बसतो. मी पळत जाऊन खिडकी लावते, समोर झुंबरआक्का हाय. त्यानं शेवटी विचारलं, "आई, घरात एवढा अंधार कामून करता?" आता काय सांगू त्याला, सोयरीक काय खेळ हाय का?

पण एक माझं कायमचं गेलं बघा. कालची गोष्ट. सुट्टीचा दिवस, ऊन पार ओट्यावर आल्तं, आन् शालू अजून झोपलेली. रात्रीचा कप उशाला, ओला टॉवेल पलंगावर, लॅपटॉप उघडाच. लहानपणापासून ह्या पोरीला वठणीवर आणायला माझ्याजवळ एकच वाक्य व्हतं, सगळ्याच आयांजवळ असतं. मी कमरेवर हात ठेवून आवाज चढवला, "शालू, सासरी जाशील तवा..." आन् तिथंच थांबले. ती उठून बसली. डोळे चोळले. हसून म्हणली, "बोल ना मम्मी, पुढं?"

पुढचं 'कळंल' कसं बोलू? ती कुठंच गेली न्हाई, आन् कळून मलाच राह्यलंय. कप उचलला, धुऊन ठेवला.